पायलीभर सरकीचा भाऊ

१९६४ साल. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. शिक्षण तिसरीपर्यंत, शेत चार एकर कोरडवाहू, आणि विश्वास कोणावरच नाही.

आजही फारसा नाही. दिवाळी उरकली की बोंडं फुटतात. सकाळी दव वाळेपर्यंत वेचणाऱ्या बाया बांधावर हात शेकत बसतात, कारण ओला कापूस वेचला तर पिवळा पडतो. ऊन जरा तापलं की त्या कमरेला ओटी बांधून कपाशीच्या तासात, ओळींच्या मधे, शिरतात आणि शिवारात एक हलका कुरकुर आवाज सुरू होतो. वाळलेल्या बोंडाची टरफलं बोटांना घासतात, त्याचा तो आवाज. अर्ध्या शिवारात आता सोयाबीन आलं, तो आवाज निम्मा झाला. तरी मी बांधावर खुर्ची टाकून बसतोच. सून म्हणते, "बाबा, बायांवर पाळत कायले ठेवता?" पाळत नाही. पांढऱ्यात कवडी किती येते ते पाहतो. कवडी म्हणजे डागी, किडका कापूस. वेचणारीच्या हाताला तो कळत नाही असं होतच नाही, पण वजन वाढावं म्हणून ती घेते. मला लांबून दिसतो. जन्मभर मी तेच केलं, पांढऱ्यात कवडी शोधली. कधी सापडली, कधी नव्हतीच. नव्हती तेव्हा मी काय केलं, ते या हंगामात दरवर्षी आठवतं.

त्या वर्षी पहिल्या वेचणीच्या आठवड्यात पत्र आलं. बाजूच्या शेतात पाटलाच्या सुना सीतादही करत होत्या, कपाशीच्या पहिल्या झाडांना दहीभाताचा निवद. आमच्या शेतात मी ते बंद केलं होतं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आलो तेव्हापासून घरात देव नाही, गंडा नाही, ताईत नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यातले दोरे मी स्वतःच्या विळ्यानं कापले होते. काही रडल्या. मी ऐकलं नव्हतं.

पोस्टमन पत्र घेऊन थेट शेतात आला. एवढी पायपीट करून आला म्हणजे काय लिहिलंय ते ऐकायची त्याला हौस असणार, असं मला वाटलं. मी ते खिशात घातलं आणि त्याला पाणी देऊन वाटेला लावलं. मला छापील वाचता यायचं, सावकाश. हे हातचं होतं, हिंदीत, आणि वर तिकीट परदेशी. शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतलं. मग किराणा दुकानदाराकडे गेलो आणि गुरुजींनी वाचलेलं न सांगता त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. दोघांचं जुळलं तेव्हा घरी आलो.

पत्र रंगूनहून होतं. लिहिणारा म्हणत होता, मी तुझा भाऊ उकंडा. बेचाळीसला लढाईवर गेलो, लढाई संपल्यावर इथंच राहिलो. बायको इथली, दोन मुली. गाद्या-रजया पिंजून द्यायचं दुकान होतं, ते सरकारनं घेतलं. मला म्हणतात तू परका आहेस, जा. बायको आणि मुली इथल्या रयत, त्यांना सोडत नाहीत. गावाकडून कागद आला की यांना घर आहे, भाऊ आहे, आणि आपल्या सरकारनं जोर लावला, तर सोडतील. माय-बाप आहेत का? आणि शेवटी एकच ओळ: हसनचाचा आहे का?

उकंडा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो गेला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. बाप छेचाळीसला गेला. माय अठ्ठावनपर्यंत वाट पाहून गेली. बावीस वर्षांत एक चिठ्ठी नाही, आणि आता दुकान गेलं तेव्हा भाऊ आठवला?

सोबत फोटो होता. जाडसर चेहऱ्याचा, लुंगी नेसलेला माणूस, शेजारी केसात फूल माळलेली ठेंगणी बाई, पुढं दोन मुली. मी तो फोटो उन्हात धरला, कंदिलाजवळ धरला. बायकोला म्हटलं, "याचे कान पाह्य. आमच्यात असे कान कोनाचे हायेत?"

शेवंता म्हणाली, "तुमचेच तर हायेत."

मी आरशात पाहिलं नाही.

आठ दिवसांनी आमदार आला. जीप थेट वस्तीत आली, पाटलाच्या ओसरीवर थांबली नाही, इथूनच माझा संशय सुरू झाला. उंच, पांढरं धोतर, हसरा माणूस. गुरुजींनीच त्याला कळवलं होतं.

"संपतराव, तुमच्या भावाचं ऐकलं. खासदारसाहेबांशी बोललो मी. ते दिल्लीत सभागृहात प्रश्न विचारणार आहेत."

"कायले?"

"कायले म्हणजे? भाऊ ना तुमचा?"

"भाऊ माहा हाय. तुमाले काय?"

जीपचा ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. आमदार मात्र रागावला नाही, म्हणून संशय आणखी वाढला. निवडणूक पार दोन-अडीच वर्षं लांब. मत मागायची वेळ नाही, तरी हा माणूस गोड बोलते, मग याले पाह्यजे तरी काय? मी अर्जावर सही केली, पण आधी गुरुजींना तो तीनदा मोठ्यानं वाचायला लावला आणि खाली जेवढी कोरी जागा होती तिथं आडवी रेघ मारून घेतली. अर्जात होतं: मी संपत दगडू, उकंडा माझा सख्खा भाऊ, त्याच्या कुटुंबाला माझ्या घरात जागा आहे.

पुढं डिसेंबरात खासदार खरंच उभे राहिले. गुरुजींनी पेपरातला तुकडा वाचून दाखवला: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतमजुराचं कुटुंब ब्रह्मदेशानं अडवून ठेवलं आहे, आपलं सरकार त्याबद्दल काय करत आहे? मी म्हणालो, "शेतमजूर कोन? मी शेतकरी हाय. चार एकराचा सातबारा हाय माह्या नावचा." मग समजलं, आमदारानं आणखी आठ आमदारांच्या सह्या घेऊन ब्रह्मदेशाच्या वकिलातीला पत्र पाठवलं. आठ माणसं न पाहिलेल्या माणसासाठी सही करतात, म्हणजे वाचत नसतील असंच मी धरून चाललो. दुसरी वेचणी सुरू होती. ढिगावर पडून वस्तीतली पोरं लोळायची, घरभर कापसाचे तंतू उडायचे, भाकरीत सापडायचे. तो फोटो मी आढ्याला खोचून ठेवला होता. जेवताना वर पाहायचो. ती धाकटी मुलगी माझ्याकडंच पाहते असं वाटायचं.

संक्रांतीला उत्तर आलं. आमदाराचा कारकून सायकलवर आला आणि अंगणात उभ्यानं बोलला.

"संपतराव, घोटाळा झाला. वकिलात म्हणते, तुमच्या भावाच्या फौजेच्या कागदावर बापाचं नाव हसन हाय. तुमच्या अर्जात दगडू. मग तो तुमचा भाऊ कसा? आपल्याकडचे साहेब लोकही बिचकले. म्हणतात हसनचा पोरगा, तर त्याचं घर इकडं की सीमेपलीकडं?"

"मंग?"

"मंग काय! होळीच्या आधीच्या जहाजात एकटा बसवून देतील त्याले. बायको-पोरी तिकडंच. ते समजा कायमचं."

आता सांगावंच लागतं. तेव्हा सांगायला मला पंधरा दिवस लागले.

उकंडाच्या आधी मायची तीन लेकरं गेली होती. चौथा झाला तेव्हा सुईणीनं त्याला नाळेसकट उकिरड्यावर ठेवलं आणि तिथून उचलला, म्हणजे मरणाला वाटावं की हे टाकलेलं पोर आहे, कामाचं नाही. म्हणून नाव उकंडा. तेवढ्यानं मायचं भागलं नाही. तिनं त्याला विकला. गावच्या पिंजाऱ्याला, हसनचाचाला. पायलीभर सरकी देऊन हसनचाचानं तो विकत घेतला, आणि मग मायनं परक्याचं पोर म्हणून त्याला दूध पाजलं. लग्नाआधी तेवढीच सरकी देऊन पोरगा परत घ्यायचा, अशी रीत होती. तोवर त्याला शिकवून ठेवायचं: कोणी विचारलं कोणाचा, तर सांग, हसनचा. विचारणारा कोण आहे हे कुठं माहीत असतं?

भरतीच्या टेबलावर साहेबानं विचारलं असणार, बापाचं नाव? पोरगा लढाईवर चालला होता. तिथं तर त्यानं ते सांगायलाच पाहिजे होतं.

लग्न झालं नाही, तो फौजेत पळाला, परत घ्यायचा राहून गेला. गावात हे आठवणारे आता दोघंच होतो, मी आणि हसनचाचा.

कारकुनानं सोपी वाट काढली. "लिहा ना, तुमच्या वडिलांना लोक हसन पण म्हणत. मी कागद करून आणतो."

"माह्या बापाचं नाव दगडू. त्याच नावानं मी त्याले मसणात पोचवलं, आता तू बदलतं काय?"

"मग खरं काय ते सांगा."

खरं सांगायचं म्हणजे दिल्लीच्या कागदावर, रंगूनच्या कागदावर, गुरुजींच्या तोंडून वस्तीभर हे जायचं की ज्या संपतनं आमच्या गळ्यातले दोरे कापले, त्याच्याच घरात पोर सरकीवर विकलं होतं. आणि मला दुसराही वास येत होता. हे लोक आमच्याकडून जुनं लिहूनच कशाला घेतात? उद्या म्हणतील, पाहा, दीक्षा घेतली तरी अंधश्रद्धा तीच. कोणाच्या तरी फायलीत हे पडून राहील आणि एक दिवस आमच्यावर काढतील. मी कारकुनाला परत पाठवलं.

शेवंता तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी भाकर वाढताना म्हणाली, "त्या बाईच्या पोरी तिच्यापासून तोडत नाईत, तिच्यापासून नवरा तोडून राह्यले. अन् तुमाले तुमचं नाक सांभाळाचं हाय." आढ्याचा फोटो काढून तिनं माझ्या ताटाशेजारी ठेवला. मी भाकर खाल्ली. चटणीची चव लागली नाही.

हसनचाचा तेव्हा सत्तरीला टेकला होता. चाची जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्याच्या छपरीत पिंजण अजून टांगलेलं असायचं. लांब लाकडी धनुष्य आणि त्याला जनावराच्या आतड्याची तात. हातातला लाकडी ठोका तातीवर आपटला की टण्ण, टण्ण असा आवाज निघायचा आणि कापूस फुलून हवेत उडायचा. हिवाळ्यात गावाला जाग यायची ती त्या आवाजानं. दूध सुटल्यापासून उकंडा त्याच छपरीत वाढला. रंगूनमध्ये गाद्या पिंजायचं दुकान, हे पत्रात ऐकलं तेव्हाच मला खात्री पटायला हवी होती. मी उलट म्हटलं होतं, गावची माहिती काढून कोणीतरी लिहिलं असेल.

चाचाला सगळं माहीत होतं. कारकून त्याच्याकडेही जाऊन आला होता.

"आ, संपत्या. बैठ. लई दिवसानं आठवन झाली."

"चाचा, त्यानं तुमाले काय सांगतलं?"

"बोल्या की तू बाप हाय असं लिहून दे, अंगठा दे, काम होऊन जाते." त्यानं ठोका खाली ठेवला. पापण्यांवर कापूस बसला होता. "मी देऊ शकतो, बेटा. खोटं बी नाई. पायलीभर सरकी मोजून दिली होती मी. तुह्या मायनं परत घेतलाच नाई. हिशेबानं पोरगा माहाच हाय."

माझ्या डोक्यात लगेच कवडी दिसली. म्हाताऱ्याला पोर नाही. छपरी आहे, पिंजण आहे, म्हातारपण आहे. फुकट मुलगा, सून, दोन नाती.

"म्हनजे तुमाले तो तुमच्याकडं पाह्यजे?"

चाचा हसला. दात तीनच उरले होते. "तू तुह्या मायवर गेला. तिले बी वाटाचं, हसन पोरगा पळवीन. रोज येऊन पाह्याची, पोराले खाऊ घातलं का नाई. अरे, पाह्यजे का म्हनजे? पाह्यजेच. कोनाले नको? पन मी अंगठा दिला तर तो हसनचा पोरगा म्हनून येईल, अन् मग दोन्ही सरकारं इचारत बसतील, हा इकडचा की तिकडचा. तू सांगतलं तर दगडूचा म्हनून येईल. सीधा घरी." त्यानं पुन्हा ठोका उचलला. "शरम तुले येऊन राह्यली कायची? इकून जगवला. काही लोक तर पोरं न इकता मारतात."

टण्ण, टण्ण. मी निघालो तेव्हा माझ्या डोक्यावर, खांद्यावर कापूस बसला होता. तो मी झटकला नाही.

पुसदच्या विश्रामगृहात आमदार होता. मी सांगत गेलो, कारकून लिहीत गेला. उकिरडा, सरकी, परत घ्यायचा राहून गेला, सगळं. मग कागद हातात घेऊन मी अक्षर न् अक्षर लावून वाचला. अर्धा तास गेला असेल. सगळे बसून राहिले. एक ओळ मी वाढवून घेतली: "आता आमच्या घरात असं करत नाहीत." मगच सही केली.

आमदारानं कागद वाचला. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो, हसू कुठं फुटतं ते. तो म्हणाला, "संपतराव, माझ्या थोरल्या भावाचं नाव धोंडू आहे. त्याच्या आधी दोन गेले होते. दगड म्हणून नाव ठेवलं, म्हणजे तोही कोणाच्या डोळ्यात भरू नये. आमच्या आईनं हे कधी बोलून दाखवलं नाही." कागदाची घडी घालून त्यानं ती आपल्या खिशात ठेवली, कारकुनाकडं दिली नाही. "हा मी स्वतः दिल्लीला नेतो."

तो गेला की टपालानं पाठवला, माहीत नाही. तो सांगत असे की खासदार आणि तो दोघं वकिलातीत जाऊन बसले, तिथल्या माणसानं कागद तीनदा समजून घेतला आणि शेवटी विचारलं, सरकी म्हणजे काय? खरं असेल. आठ आमदारांची पुन्हा सही झाली हे मात्र खरं, ते पत्र मी पाहिलं. त्या वेळी वाचलं असेल त्यांनी.

फेब्रुवारीच्या शेवटी चौघांना परवानगी मिळाली. मद्रासला जहाजातून उतरले, वर्ध्यापर्यंत रेल्वे, मग मोटारीनं यवतमाळ, मग पुसद. शेवटची वेचणी होती. झाडावर उरलेला आखूड कापूस, पानं लाल झालेली. पुसदच्या मोटार स्टँडवर मी गाडी जुंपून दुपारपासून थांबलो होतो. मोटारीतून तो उतरला. पोट सुटलेला, केस पिकलेला. त्याच्यामागं बाई, हात उघडे, एक बांगडी नाही. निघताना बंदरावर सरकारी माणसांनी काढून घेतल्या होत्या, असं नंतर कळलं. मुली तिच्या लुंगीला धरून.

तो माझ्याकडं पाहत राहिला. मीही. मग तुटक मराठीत त्यानं पहिलं वाक्य विचारलं, "हसनचाचा हाय का?"

बावीस वर्षांनी भेटलेल्या भावाला विचारायचं ते हे. मी म्हटलं, "हाय. गाडीत बस."

सहा कोस मी बैलांशीच बोललो.

घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. शेवंतानं भाकर तुकडा ओवाळायला आणला. मी डोळे वटारले, तिनं तो तसाच मागं टाकला. बाई मुलींना घेऊन आत गेली. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो होता. तिनं सामान खाली ठेवलं, गुडघे टेकले, तीनदा कपाळ जमिनीला लावलं. मुलींनीही. मी पाहत होतो, दाखवायला करते का. तिनं मागं वळून कोणी पाहतं का ते पाहिलं नाही. मी आठ वर्षांचा बौद्ध होतो. ती जन्माची.

उकंडा उंबऱ्याबाहेरच उभा.

"ये ना आत."

"मले सोडवलं नाई अजून," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिकडं बाँब पडले, बाजूचे मेले, तो जगला. बावीस वर्षं प्रत्येक कागदावर, प्रत्येक साहेबाला तो हसनचा म्हणून सांगत आला होता. आता दगडूच्या घरात पाय ठेवायचा आणि ते मोडायचं? दोन मुली आत होत्या त्याच्या.

मी म्हणालो, "हे सगळं सोडलं आपन. अंधश्रद्धा हाय ही."

"तू सोडलं," तो म्हणाला. "मी तिकडं होतो."

आवाज अगदी बापाचा होता. त्या एका वाक्यानंतर मी कान, फोटो, कशाचाही विचार केला नाही. तो फिरला आणि अंधारात हसनचाचाच्या छपरीकडं चालत गेला. रस्ता कोणाला विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दव वाळायच्या आधी, बैलांसाठी आणून ठेवलेल्या सरकीच्या पोत्याचं तोंड मी सोडलं. पायली शिगोशीग भरली आणि डोक्यावर घेऊन वस्तीतून निघालो. ज्यांचे दोरे मी कापले होते त्या म्हाताऱ्या दारांतून पाहत होत्या. एक म्हणाली, "संपत, कुठं चालला रे सरकी घेऊन?" मी म्हटलं, "भाऊ आनाले."

छपरीत चाचा आणि उकंडा दोघं मांडी घालून बसले होते, मधे चहा. मी पायली चाचाच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "घ्या. माहा भाऊ द्या."

चाचानं सरकीत हात घातला, मूठभर वर काढली, बोटांतून खाली सोडली. मग पायली माझ्याकडं सरकवली.

"या भावात नाई देत. तवा एक होता. आता चार हायेत."

उकंडा हसला. मी नाही. मी पायली तिथंच ठेवली, घरी गेलो, उरलेल्या पोत्यातून आणखी तीन पायल्या मोजल्या, शेवंताचं लुगडं पसरून त्यात बांधल्या. सरकीत खडे आहेत का, ते पाहायला थांबलो नाही. ओझं डोक्यावर घेऊन मी पुन्हा त्याच रस्त्यानं चाचाच्या दारात आलो.